माळावरची सुभेदार

सुभेदार मॅडमपुढं माणूस कितीही मोठा असो, त्याला आधी एका पायावर उभं राहावं लागे. "दाखवा तळवा," असं म्हणून त्या समोर उभ्या राहायच्या. मग घोड्याला नाल ठोकताना उचलतात तसा समोरच्यानं एक पाय मागं उचलायचा आणि मॅडमनी वाकून त्याच्या बुटाचा तळ न्याहाळायचा. खाचेत खडा दिसला की बोटानं उकरून काढायच्या. टाच झिजून खिळा वर आलेला असला तर बूट बाहेर, आणि माणूस मोज्यांवर. कंपनीचे मुंबईचे मोठे साहेब पहिल्यांदा साइटवर आले, तेव्हा त्यांनाही ड्रायव्हरचा खांदा धरून बगळ्यासारखं उभं राहावं लागलं होतं. आम्ही सगळे तोंड फिरवून हसत होतो. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

एवढं सोवळं कशासाठी? तर एका खड्ड्यासाठी. जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या बाजूच्या एका उजाड माळावर आमची साइट आहे. कारखान्यांतून जो विषारी गाळ निघतो, रंगाचा, मुलाम्याचा, औषधांचा, तो कुठं तरी न्यायलाच हवा. ओढ्यात सोडला तर माणसं मरतील. म्हणून तो तपासायचा, चुना-सिमेंट घालून घट्ट करायचा आणि अशा खड्ड्यात ठेवायचा की त्यातला थेंबही खालच्या पाण्यात उतरू नये. तळाला चिकणमाती दाबून बसवायची, तिच्यावर काळी जाड प्लास्टिकची शीट, मग गाळातून झिरपणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, पुन्हा शीट. त्या शीटला सुईएवढं भोक पडलं तरी सगळा खटाटोप मातीत. म्हणून मॅडम तळवे बघायच्या.

मी मूळची इस्लामपूरची. घरी ऊस, चुलते सगळे साखर कारखान्याच्या आजूबाजूला नोकरीला. इंजिनिअर झाले आणि या साइटवर लागले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. "पोरगी काय करते?" असं पाहुण्यांनी विचारलं की ती "सरकारी पद्धतीचं काम आहे" असं काहीतरी पुटपुटायची. कचरा हा शब्द आमच्या घरात दोन वर्षं कुणी उच्चारला नाही. मलाही आधी लाजच वाटायची, खोटं कशाला बोलू! ती लाज मॅडमनी घालवली. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "पाटील, डॉक्टर आजारी माणसाला वाचवतो, त्याचं नाव होतं. आपण माणूस आजारीच पडू देत नाही, म्हणून आपलं नाव कुणाला ठाऊक नसतं. चालेल तुला? नसेल चालत तर आत्ताच सांग."

मॅडम आम्हा सगळ्यांना आडनावानंच हाक मारायच्या. वडील साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार होते. मॅडम लहानाच्या मोठ्या झाल्या त्या छावण्यांमधून. सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून कामं वाटून द्यायची सवय तिथलीच. म्हणून कामगारांनी पाठीमागं नाव ठेवलं, सुभेदार. ते त्यांच्या कानावर गेलंच. रागावल्या नाहीत. "वडील जरा सुखावतील," एवढंच बोलल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. मग हळूहळू आम्ही समोरही म्हणायला लागलो, आणि गावातही तेच नाव गेलं.

गेटवर आलेला ट्रक परत पाठवणं हा त्यांचा आवडता उद्योग होता असं ड्रायव्हर लोक म्हणत. कागदावर एक आणि पिंपात दुसरं, असं निघालं की ट्रक माघारी. एकदा एक ड्रायव्हर अक्षरशः रडकुंडीला आला. लांबून आलो, मालक घरी बसवेल, म्हणून हात जोडायला लागला. मॅडमनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी आणि खर्डा दिला, पंख्याखाली बसवलं, मालकाला स्वतः फोन करून चांगलं फैलावर घेतलं. ड्रायव्हरला वाटलं, विरघळल्या. जेवून झाल्यावर म्हणाल्या, "पोट भरलं ना? आता गाडी वळव."

गावाला आमचा खड्डा नको होता. कुणाला हवा असतो? ज्या गावात उन्हाळाभर पाण्याचा टँकर यायचा, तिथं उरल्यासुरल्या विहिरींच्या वरच्या अंगाला विषाचा खड्डा! माझ्या गावात असं कुणी करायला आलं असतं तर मीच दगड घेऊन उभी राहिले असते. विरोध करणाऱ्यांचे म्होरके होते आबा. सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, बोलायला लागले की समोरच्याची बोलती बंद. त्यांची विहीर खड्ड्याच्या सगळ्यात जवळ, उताराला.

ग्रामपंचायतीसमोरच्या बैठकीत कुणीतरी खड्ड्याभोवतीचं पाणी तपासायला आम्ही घेतलेल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि मॅडमपुढं धरलं. "लय चांगलं पानी हाय म्हंता नव्हं? प्या की मग आमच्यापुढं."

लोक टाळ्या पिटायला लागले. मला वाटलं, आता या बाटली तोंडाला लावणार.

मॅडमनी बाटली बाजूला ठेवली. "मी पाणी प्यायले तर तुम्हाला एवढंच कळेल की बाईला तहान लागली होती," त्या म्हणाल्या. "विष असं घोटभर पिऊन कळत नाही. पाण्याचे नमुने तुमच्या पोरांनी काढावेत, तुम्हाला हवी त्या प्रयोगशाळेत द्यावेत. आणि एक सांगते. माझ्या खड्ड्यात काही बिघडलं, तर ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. मी येऊन सांगेन. कंपनीच्या आधी तुम्हाला."

आबा खदाखदा हसले. "आवं बाई, कंपनीची मान्सं येऊन सांगत्यात व्हय कवा?"

मॅडमनी गाडीत बसून दुसऱ्या दिवशीची कामं लिहायला घेतली. मी मात्र भडकले होते. एवढं खरं बोलून वर हसून घ्यायचं! "त्यांचं काय चुकलं, पाटील?" त्या म्हणाल्या. "मी फक्त बोलले आहे. अजून केलंय काय?"

करायची वेळ दुसरा खड्डा तयार झाला तेव्हा आली. मे महिना संपत आला होता. शीट अंथरून, सांधे जोडून झाले होते. शीटला भोक आहे का हे शोधायची एक पद्धत असते: वर पाण्याचा पातळ थर सोडायचा आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रानं सगळीकडं फिरून बघायचं. ती तपासणी झाली, एकही भोक निघालं नाही, रिपोर्ट आला. पाणी उपसायचं तेवढं राहिलं होतं. त्यानंतर मॅडमची सही, मग शीटवर वाळूचा थर, मग ट्रक. कारखाने रोज फोन करत होते, कारण पहिला खड्डा भरत आला होता आणि पाऊस तोंडावर होता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वाऱ्यानं कुंपणाचा एक पत्रा पडला होता, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. बिरूअण्णा नावाचे धनगर मेंढरं घेऊन त्या बाजूनं चालले होते. मे महिन्याचा माळ, कोसभर पाण्याचा टिपूस नाही, आणि खाली खड्ड्यात पाणी चमकतंय. मेंढरं थांबतात होय! सगळा कळप उतारावरून घसरत खाली, आणि त्यांना हाकलायला बिरूअण्णा मागोमाग. पायात खिळे मारलेल्या जाडजूड वहाणा, हातात लोखंडी टोकाची काठी.

आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बिरूअण्णांची पाचावर धारण बसली होती. "अक्का, पानी दिसलं म्हून शिरली वो मेंढरं. इखारी हाय का ह्ये? मरत्यात का आता समदी?"

"टँकरचं पाणी आहे, अण्णा. स्वच्छ आहे. काही होत नाही त्यांना," मॅडम म्हणाल्या. मग काठावरच खाली बसून त्या काळ्या उतारावरच्या वहाणांच्या खुणा बघायला लागल्या.

कुणीतरी परस्पर मुंबईला कळवलं असणार, मोठ्या साहेबांचा फोन लगेच आला. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला, मी शेजारी होते. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. तपासणी पास झाली आहे, सही करा, वाळू टाका. मेंढरांच्या पायांनी एवढी जाड शीट फाटत नसते. आणि त्या मेंढपाळावर पोलिसांत तक्रार द्या.

"रिपोर्ट मेंढरं यायच्या आधीचा आहे, साहेब," मॅडम म्हणाल्या. "सही नंतरच्या खड्ड्यावर करायची आहे. आणि तक्रार द्यायचीच तर माझ्यावर द्या. कुंपण माझ्या साइटचं पडलं होतं."

"पुन्हा सगळं तपासायचं? पाऊस आला तर?"

"तर उपसू."

फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पाटील, गाडी काढ. गावात जायचंय."

मी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. अजून काही सापडलंय कुठं? आधी बघू, मग सांगू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी निमूट किल्ली हातात घेतली. ग्रामपंचायतीसमोर त्यांनी सगळं सांगितलं. शीटला इजा झाली असेल, कदाचित नसेलही, पुन्हा तपासेपर्यंत एक पोतंही आत जाणार नाही. कुणी शिव्या घातल्या, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढले. शेवटी आबांनी एकच विचारलं, "तुमी आला नसता तर आमाला कळलं असतं व्हय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या व्हिडिओंनी संध्याकाळपर्यंत मुंबई गाठली. दुसऱ्या दिवशी मॅडमना ऑफिसला बोलावणं आलं, साइटचा ताबा सोडून या म्हणून. त्यांच्या जागी सही करायला दुसरे इंजिनिअर निघाले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमनी शांतपणे टेबल आवरलं, मला कुठला पंप नीट चालत नाही ते सांगितलं, पाण्याची बाटली घेतली आणि निघाल्या.

गेटबाहेर गाव बसलं होतं. बायका, म्हातारी माणसं, डोक्यावर पदर आणि टॉवेल, भर उन्हात. मला वाटलं, झालं, आता खड्डा बंद पाडायला आले. मॅडमनाही तेच वाटलं असणार. त्या पुढं झाल्या. "आबा, उन्हात बायकांना कशाला बसवलंय? मी चालले आहे. जे काय बोलायचं ते नव्या साहेबांशी बोला."

"तुमी कुटंबी जायाचं न्हाई," आबा म्हणाले. बातमी आमच्या कामगारांकडून आधीच गावात पोचली होती. तेवढ्यात नवे इंजिनिअर आणि मोठे साहेब एकाच गाडीतून उतरले. आबा उठून थेट साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "सायेब, ह्यो खड्डा आमाला तवाबी नको हुता आन् आताबी नको. पर ठेवनारच आसाल तर ह्या बाईनं बगितल्याबिगर त्यात ढेकूळबी पडायचं न्हाई. तिची सही आसंल तरच ट्रक आत. न्हाईतर आमी हितंच."

साहेबांनी समजूत घालून बघितली, आवाज चढवून बघितला, कुणाकुणाला फोन लावून बघितले. गाव हललं नाही. बिरूअण्णा तर मेंढरं घेऊनच आले होते. ती गेटसमोर ऐसपैस बसली. शेवटी साहेबांनी हात टेकले. मी त्या वेळी मॅडमकडं बघितलं. सुभेदाराची पोर ती, रडायची नाही. पण हातातल्या बाटलीचं झाकण उघडायचं आणि लावायचं, एवढंच चाललं होतं त्यांचं. अभिमानानं ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

सगळी शीट धुऊन, पुसून पुन्हा तपासली. भोकं निघाली. साहेब म्हणत होते ते खरं होतं, मेंढरांनी काही केलं नव्हतं. वहाणांच्या खिळ्यांनी आणि काठीच्या टोकानं उतारावर बारीक भोकं पडली होती, बघता बघता नजर चुकेल अशी. वर वाळू पडली असती तर ती कुणाला कधीच दिसली नसती. प्रत्येकावर ठिगळ डकवलं, प्रत्येक ठिगळ तपासलं. मध्ये एकदा पाऊस आला, पाणी उपसलं, पुन्हा सुकवलं. आबा आणि गावातली दोन पोरं रोज काठावर बसून बघायची. आत उतरायचं म्हटलं की मुकाट्यानं पाय वर करायची. मग मॅडमनी सही केली.

दोन पावसाळ्यांनंतर त्या निवृत्त झाल्या. आता साताऱ्यात असतात, भाचीच्या मुलांना शिस्त लावतात असं ऐकते. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. माझ्या आईलाही आता पाहुण्यांपुढं लाज वाटत नाही. उलट ती समोरच्याला कंटाळा येईपर्यंत खड्ड्याची माहिती सांगते.

गेल्या हिवाळ्यात उताराकडच्या एका बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट जरा बिघडलेला आला. ऑफिस म्हणालं, पुन्हा तपासा, तोवर थांबा. कदाचित त्यांचं बरोबरही असेल. पण मी कागद घेतला आणि गावात गेले. रिपोर्ट बिघडलाय, कारण अजून कळलेलं नाही, शोधतोय, कळेपर्यंत आबांच्या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नये, टँकर आम्ही देऊ, असं सगळं सांगून टाकलं. पुढं निघालं ते एवढंच, की बोअरचं झाकण तडकून वरचं घाण पाणी आत गेलं होतं. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं?

एक तरणा पोरगा तावातावानं उठला. "हिच्यावर इस्वास कसा ठेवायचा? ही कोन?"

आबा आता काठी टेकून चालतात, ऐकूही कमी येतं. त्यांनी त्याला हातानं खाली बसवलं. "गप रं. सुभेदारबाईची पोर हाय ती. खोटं बोलायची न्हाई."

माझी आई इस्लामपुरात आहे, चांगली ठणठणीत आहे. पण मी काही आबांना दुरुस्त करायला गेले नाही.