रेंपेन म्बोक आणि डोंगरातला पाट

नि न्योमान रेंपेन आमच्या बातु लुमुत गावच्या देवळाच्या दाराशी कॉफी विकायची. मोठ्या बहिणीच्या नात्यानं सगळं गाव तिला म्बोक म्हणायचं. मी देवळाच्या वाद्यमेळात ढोल वाजवायचो, त्यामुळे तिच्या बाकावर माझं निम्मं आयुष्य गेलं.

तिचे वडील ताडपत्रांवरच्या बखरी वाचणारे. संध्याकाळी ते मोठ्यानं वाचत आणि ही शेजारी बसून शेंगदाणे कुटत असे. जुनी लिपी तिला कोणी शिकवली नाही, मुलीला कशाला असंच तेव्हा सगळे म्हणत. पण तिचे कान उघडे होते. पुढे वडील गेले, ताडपत्रांना कसर लागली, आणि गावाची बखर उरली ती या कॉफीवालीच्या डोक्यात. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. तो लागला गेडे लांदेपमुळे.

लांदेप पलीकडच्या खोऱ्यातला, तोपेंग म्हणजे मुखवट्यांचा नाच नाचणारा. मुखवट्यांनी भरलेली एक टोपली आणि एकटा माणूस. प्रधान तोच, थरथरता म्हातारा तोच, राजाही तोच. राजाचा मुखवटा सगळा चेहरा झाकतो, त्यामुळे राजा बोलत नाही. बोलायचं ते निवेदकानं. त्याचा मुखवटा वरच्या ओठाशी संपतो, जबडा मोकळा राहतो. राजाचं जुन्या भाषेतलं म्हणणं तो लोकांच्या भाषेत सांगतो, टवाळी करतो, आणि नाच ज्या गावात असेल त्या गावाची हकीकत त्यात गुंफतो.

लांदेप म्हणायचा, "माझ्या आजोबांना राजवाड्यातून बोलावणं यायचं. राजाची वंशावळ चुकली नाही की झालं. आता गावं बोलावतात, आणि गावाची वंशावळ राजवाड्यात कोण लिहून ठेवतो?"

आमच्याकडे पहिल्यांदा नाचला तेव्हा त्यानं देऊळ एका राजपुत्रानं बांधलं असं सांगितलं. लोक खूश झाले. नंतर तो कॉफी प्यायला आला.

"नाच छान झाला," म्बोक म्हणाली. "देऊळ मात्र मीठ विकणाऱ्या दोन भावांनी बांधलंय."

"कोणी सांगितलं?"

"वडिलांच्या ताडपत्रानं. तुला राजपुत्र कोणी सांगितला?"

लांदेपनं पेला खाली ठेवला. "मीच घातला," तो म्हणाला.

तेव्हापासून दर दोनशेदहा दिवसांनी उत्सव आला की तो आधी तिच्या बाकावर येऊन बसायचा, मग देवळात जायचा. ती सांगायची, तो ऐकायचा. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर ती सरळ म्हणायची, "ते मला माहीत नाही." त्यानं कितीही खोदून विचारलं तरी पुढे एक शब्द नाही.

मग तो कोरडा हंगाम आला. आमच्या भाताला पाणी येतं ते डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून. झरा आटत चालला तशी वरच्या वाडीनं पाटात फळी टाकली आणि खालच्या वाडीचं पाणी तुटलं. "बोगदा आमच्या पूर्वजांनी खणला," वरचे म्हणाले. "आमच्या," खालचे म्हणाले. उत्सवाच्या आदल्या दिवशी दोन्ही वाड्यांच्या प्रमुखांनी लांदेपला वेगवेगळं गाठून नाचात आपलीच बाजू मांडायला सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्बोककडे आला.

"दोघांनी खणला," ती म्हणाली. "बखरीत एकच ओळ आहे. वरून आणि खालून खणत आले, असं."

"एका ओळीवर मला मार बसेल, म्बोक."

"मुखवट्याला कोण मारतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत पुरोहितांची पूजा चालू होती आणि बाहेर नाच. निवेदक झालेल्या लांदेपनं ती ओळ सांगितली मात्र, वरच्या वाडीचे प्रमुख उठून उभे राहिले. "कोणत्या बखरीत आहे हे?"

मी ठेका हळू केला. लांदेप निवेदकाच्या चालीनं डुलत थेट दुकानापाशी गेला. "म्बोक, मी पडलो लाकडाचा माणूस. माझं कोण ऐकणार? तुम्हीच सांगा."

तिनं हात पुसले. आधी वडिलांची ओळ जशीच्या तशी म्हटली. मग म्हणाली, "आत जाऊन बघा. मध्यावर कमरेएवढी पायरी आहे. दोन टोकांनी खणत आले, मधे थोडे चुकले. एकाच बाजूनं खणलं असतं तर पायरी कशाला पडली असती?"

"तू कधी गेली होतीस आत?" प्रमुखांनी विचारलं.

"अकरा वर्षांची असताना, गोगलगायी वेचायला. गुडघा तिथंच फुटला. खूण आहे अजून, दाखवू?"

"गुडघा राहू दे, म्बोक," निवेदक म्हणाला, "आत पुरोहित मंत्र विसरतील."

प्रमुखांनाही हसू आवरलं नाही. ते खाली बसले. शेवटी सिदाकार्याचा पांढरा मुखवटा नाचला, कारण त्याच्याशिवाय कार्य सिद्धीला गेलं असं आम्ही मानत नाही.

दुपारी दोन्ही प्रमुख कंदील घेऊन बोगद्यात शिरले. बाहेर आले ते चिखलानं भरलेले. पायरी होती. तिच्या अलीकडे छिन्नीचे घाव एका दिशेचे होते, पलीकडे उलट दिशेचे. चौथ्या दिवशी फळी निघाली आणि पाणी पाळीनं सोडायचं ठरलं. भांडण अगदी संपलं असं नाही. पण बोगदा कोणाचा, हे पुन्हा कोणी काढलं नाही.

ही गोष्ट पसरली तसे गावोगावचे नाचणारे म्बोककडे यायला लागले. त्यांना ती कॉफी द्यायची, नारळाच्या पातीत शिजवलेला भात शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊ घालायची, आणि म्हणायची, "मला माझ्या गावाचं ठाऊक. तुमच्या गावात कोणी म्हातारी नाही का? तिला जाऊन विचारा." लांदेपनं ते मनावर घेतलं. पुढे तो कोणत्याही गावात गेला की प्रमुखाच्या घराआधी बाजारात जायचा आणि सगळ्यात जुन्या भाजीवालीशेजारी बसायचा. त्याचा निवेदक पूर्वीपेक्षा किती तरी पटीनं गोड झाला, हे मी ढोलामागून पाहिलंय.

म्बोकला जाऊन नऊ वर्षं झाली. दुकान आता तिची भाची चालवते. कॉफी तितकी कडक नसते. नाचायला आलेले लोक माझ्याजवळ बसतात आणि विचारतात. जे तिच्याकडून ऐकलं ते मी सांगतो. बाकीचं मला माहीत नाही, असंही सांगतो. 'माहीत नाही' म्हणायला शिकायला मला तिच्याहून जास्त वर्षं लागली.