पाण्याची पाळी
पाटाचं पाणी उसाच्या सरीत शिरलं की भिजल्या ढेकळांचा वास येतो आणि मला पन्नास-पंचावन्न सालातला बारामतीजवळचा आमचा मळा आठवतो. आई जाऊन तिचा दहावाही झाला नव्हता. पाण्याची पाळी आली, तसे वडील खोरं घेऊन दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला निघाले. “दगडाचं काळीज हाय,” चुलती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर बांध फुटून पाणी वाटेवर वाहत होतं आणि थेंब वाया न घालवणारे वडील चिखलात नुसते उभे होते. मला पाहून म्हणाले, “आईला सांग, माझी वाट बघू नगं म्हणावं. येळ लागंल.” मी “व्हय” म्हणाले. यंदा माझे मालक गेले, तेव्हा “डोळ्यांत टिपूस न्हाय” म्हणून बाया कुजबुजल्या. मी खोरं घेऊन मळ्यात निघाले होते.