उसना दशक

माझ्या मुलीला वजाबाकी मी चिंचोक्यांवर शिकवली. दहा-दहा चिंचोके जुन्या ओढणीच्या चिंध्यांत बांधून ठेवले होते. एक पुरचुंडी म्हणजे एक दशक. बावन्नातून सत्तावीस काढायचे असले की पाच पुरचुंड्या आणि दोन सुटे चिंचोके घेऊन ती फरशीवर मांडी घालून बसायची. दोनातून सात जात नाहीत हे तिला सांगावं लागत नसे, समोर दिसतच होतं. मग एक पुरचुंडी सोडायची. गाठ ती दातांनी सोडायची, चिंचोके घरंगळत कॉटखाली जायचे आणि ते आणायला गेलेली ही बया तिकडेच मुंग्यांची रांग बघत बसायची. एका वजाबाकीला अर्धी सकाळ जायची. जाईना का, आम्हाला कुठे गाडी पकडायची होती.

शाळेतून काढलं तेव्हा ती दुसरीत होती. शाळेचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं, आणि ते ढोंग नाही हे डॉक्टरांनीही सांगितलं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. ‘राहू दे घरी, तू शिकव,’ असं तेव्हा त्यानंच म्हटलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तो ते सोयीस्कर विसरला.

आमच्या दोन खोल्या आणि वर गच्ची, एवढीच आमची प्रयोगशाळा. सकाळी गच्चीत ठरलेल्या फरशीवर उभं राहून सूर्य कुठून वर येतो ते ती बघायची आणि कठड्यावर तिथे खडूनं रेघ मारायची. उन्हाळ्यात कारखान्याच्या चिमणीच्या डावीकडे सुरू झालेल्या रेघा सरकत सरकत थंडीत पार उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी पोचल्या. मग एके दिवशी सूर्य मागे फिरला. त्या दिवशी ती जिना धडाधडा उतरून मला सांगायला आली होती, आणि मी भाकरी तव्यावर टाकून तशीच वर धावले होते. भाकरी करपली. एवढं सुख मला त्याआधी कशानं झालं होतं ते आठवत नाही.

कपड्यांच्या हँगरला श्रीखंडाच्या डब्यांची दोन झाकणं टांगून तिनं तराजू केला. आमच्याकडे आणि शेजारच्या काकूंकडे उसनवारी सतत चालायची, कधी वाटीभर साखर, कधी बेसन. ने-आण करायला हीच. तराजू झाल्यावर तिनं तो सगळा कारभार हातात घेतला. काकूंकडची साखर आली की एका झाकणात साखर, दुसऱ्यात चिंचोके. किती चिंचोके भरली ते लक्षात ठेवायची, आणि परत नेताना काटा तेवढाच येईपर्यंत चिमटीनं साखर घालायची, काढायची. काकूंना हसू आवरायचं नाही. ‘लई हिशेबी हाय बाई तुमची पोरगी,’ म्हणायच्या. मला कौतुक वाटायचं. उसनं घेतलं की परत द्यायचं, आणि घेतलं तेवढंच द्यायचं, हे मी तिच्या अंगात मुरवलं होतं. तेच आडवं आलं.

तीनेक वर्षं अशी गेली. मग नवऱ्याचा धीर सुटायला लागला. लग्नाकार्यात कुणी ‘कितवीत आहेस गं?’ असं विचारलं की ती खुशाल सांगायची, मी घरीच असते. विचारणारा तिच्याकडे न बघता त्याच्याकडे बघायचा. दहावीचं काय करणार, दाखला कुठून आणणार, पोरगी काय जन्मभर रेघा मारत बसणार का, असं रोज जेवताना सुरू झालं. त्याची काळजी खोटी नव्हती; म्हणूनच मला त्या काळजीचा राग यायचा. शेवटी ठरलं की सुप्यातल्याच एका शाळेत पाचवीच्या प्रवेशाची चाचणी द्यायची. पास झाली तर दिवसा शाळा, संध्याकाळी माझ्याजवळ. मला ते चाललं असतं. चिंचोके तरी घरात राहिले असते.

चाचणीला चिंचोके नेता येणार नव्हते. म्हणून कागदावरची वजाबाकी घाईघाईनं शिकवायला घेतली, मला माझ्या बाईंनी शिकवली तशीच. हे एककाचं घर, हे दशकाचं. एककाच्या घरात कमी पडलं की शेजारच्या घरातून एक उसना आणायचा. तिनं मान वर करून विचारलं, काकूंकडून आणतो तसा? मी म्हटलं, अगदी तसाच. किती पटकन समजलं हिला, असं वाटून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. माझ्यासमोर घातलेली गणितं सगळी बरोबर येत होती. चिंचोके शेजारी पडलेले असायचे, त्यांना ती हात लावत नव्हती.

निकाल सांगायला मुख्याध्यापिकांनी आत बोलावलं. बाई सौम्य होत्या, आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. पेपर त्यांनी माझ्याकडे वळवला. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं, ‘रोज थोडा सरकून.’ त्यावर लाल फुली. खाली वजाबाक्या. उसना घ्यावा लागेल तेवढ्या सगळ्या चुकलेल्या. बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस. पुढची बघितली, तिथेही दहा जास्त. त्याच्या पुढचीत पण. मला एकदम उमगलं. पाचातून एक दशक घेतला, बारातून सात गेले, पाच उरले. चारातून दोन गेले, दोन उरले. आणि मग तिनं घेतलेला दशक प्रामाणिकपणे दशकाच्या घरी नेऊन ठेवला होता.

“तिनं उसना परत केलाय,” मी बाईंना म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघतात तसं. ते बघणं मला अजून चावतं. मी पुरचुंड्या, तराजू, काकूंची साखर असं सगळं भडाभडा सांगत सुटले, आणि जितकं सांगत गेले तितकी मला माझीच बडबड वेड्या बाईची वाटायला लागली. पाया कच्चा आहे, त्या म्हणाल्या. तिसरीत बसवली तर विचार करता येईल.

बाहेर आल्यावर स्कूटीवर बसताना मी तिला विचारलं, घरी तर बरोबर येत होत्या ना गं?

“घरी आपण परत द्यायचं विसरत होतो,” ती म्हणाली. “तिथं मला आठवलं.”

मला तिला मिठी मारता आली असती. मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू केली. हायवेला लागेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

नवऱ्यानं पेपर बघितला, खाली ठेवला. एवढ्या मोठ्या मुलीला तिसरीत, चिल्ल्यापिल्ल्यांत बसवणार नाही, म्हणाला. कर्जतजवळ आमचं गाव आहे, सासूबाई तिथेच असतात, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वयाप्रमाणे पाचवीत घेत होते. सरकारी शाळा सुप्यातही होती, मी ते बोलून दाखवलं. तेव्हा तो न रागावता बोलला, आणि रागावला असता तर बरं झालं असतं.

“तू जवळ आहेस तोवर ती शाळेचं काही शिकायची नाही.”

मी भांडले, रडले, दोन दिवस स्वयंपाकघराबाहेर आले नाही. पण माझ्याजवळ बोलायला होतं काय? पेपर त्याच्या हातात होता.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. त्यांना माझं रडणं कळलं असावं. हसत हसत, मला बरं वाटावं म्हणूनच त्या म्हणाल्या, “वरीसभर पोर उसनी दे की आमाला. ठिऊन न्हाई घेत, परत करीन.”

मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. तिचा चेहरा उजळला. त्यानंतर तिनं एकदाही कुरकुर केली नाही. स्वतःची पिशवी स्वतः भरली, तराजू मात्र भिंतीवरच ठेवला. काकूंकडे जाऊन सांगून आली की मी उसनी चाललेय. काकूंनी पदर डोळ्याला लावला, तर ही त्यांनाच समजावत होती.

गावी तिचे हाल झाले, असं मी म्हणणार नाही. सासूबाई तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या. सुरुवातीला फोनवर ती रोज विचारायची, आज रेघ कुठे आली? मी सांगायची. पुढे पावसानं कठडा धुऊन काढला आणि तिचं विचारणंही कमी होत गेलं. तिच्या बोलण्यात मैत्रिणी आल्या, कवायत आली, बाई असं म्हणतात आणि बाई तसं म्हणतात आलं. पोटात दुखत नव्हतं. याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. रिकाम्या खोलीत भिंतीवरचा तराजू वाऱ्यानं हलायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची.

मे महिन्याच्या सुट्टीत ती आली. उंच झाली होती, ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हणत होती. मी पुरचुंड्या नवीन चिंध्यांत बांधून ठेवल्या होत्या, खडू आणून ठेवला होता. वर्ष संपलं होतं. पण सासूबाईंचा फोन त्याआधीच येऊन गेला होता: पोर रुळलीय, सहावी बी हितंच करू द्या. नवरा हो म्हणून मोकळा झाला होता. मला त्यानं सकाळी चहा घेताना सांगितलं आणि कामावर गेला.

ती फरशीवर बसून आंबा खात होती. मी कागद पुढे केला आणि बावन्न वजा सत्तावीस लिहिलं. का लिहिलं, मलाही नीट सांगता येणार नाही. चिंचोक्यांकडे तिनं बघितलंही नाही. आंब्यानं बरबटलेला हात बाजूला धरून दुसऱ्या हातानं तिनं पाचावर काट मारली, चार लिहिले, खाली पंचवीस मांडले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“आणि उसना घेतलेला?” मी विचारलं. “तो परत नाही दिलास?”

ती मग मला लागू नये अशा बेतानं, हळू आवाजात म्हणाली, “परत न्हाई देत, आई. ते नुसतं म्हणायचं असतं.”