वसंतरावांची भूक

वसंतरावांविषयी लिहायचं मी काही वर्षं टाळलं. लिहिलं तर सगळं माझ्यावरच येणार, हे ठाऊक होतं.

मलकापुरात ते आमचे शेजारी. कापसाच्या अडतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, पण खरं नाव पंगतीतलं. चुरलेल्या रोडग्यावर तुपाची धार पडू लागली की "पुरे" म्हणायचं ते विसरूनच जात. बायका चुलीजवळून उठून बघायला येत. "वसंतराव बसले का?" असं विचारल्याशिवाय वाढायला सुरुवात होत नसे. शेजारी मी, लहानपणापासून पोटाचा नाजूक, वरणभात चिवडत बसलेला. मी जेवलो की उपाशी उठलो, हे कुणी विचारलं नाही. आतून जळायचो.

साठीनंतर त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन दिलं. एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "नाना, जेवल्यावर आतडं डोक्याले निरोप धाडते म्हणे, बस झालं. हे औषध तोच निरोप धाडत राह्यते. मंग डोकं पोटाले सांगते, दमानं घे. सकाळचं जेवण संध्याकाळलोक तिथंच." मग आवाज उतरवून, "कोणाले सांगू नका. वसंतराव जेवत नाही म्हटलं, तर काय राह्यलं माझं?"

माझ्या नातवाच्या जावळाला आम्ही रोडगे केले. वसंतरावांनी एकच घेतला आणि ताटावर हात धरला. वाढायला मी होतो.

"काऊन हो, आमच्या घरचं गोड लागत नाही?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाढा."

मी वाढत गेलो, ते मुकाट खात गेले. आधीचं पोटातून हललेलं नसणार, हे पंगतीत मला एकट्याला माहीत होतं. शेवटी ताटातच उलटी झाली.

"दिवसाढवळ्या पिऊन आला बे," मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. जन्मात दारूला न शिवलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी तुपाचं भांडं घेऊन पुढच्या ताटाकडे सरकलो.

त्यानंतर ते कुणाकडे जेवायला गेले नाहीत. उन्हाळ्यात मी धीर करून त्यांच्या घरी गेलो.

"तुम्ही तरी बोलायचं होतं, नाना."

"ऊन लय वाढलं यंदा," मी म्हणालो.

"हाव," म्हणाले, आणि आत चहा सांगितला.

पुढच्या थंडीत हृदय बंद पडून ते गेले. उन्हाळ्यात त्यांच्याकडे चहाचा कप रिकामा होईपर्यंत माझ्या ओठांवर होतं ते एवढंच: वसंतराव, तुम्ही प्यायले नव्हते, मले माहीत होतं. माणसं तुमची वाट पाह्यत, ते मले पाह्यवत नव्हतं. माफ करा.