लोकर चोळायची नसते

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका मेंढीवर जीव असलेला माणूस अख्ख्या नाशिक रोडमध्ये सापडायचा नाही, आणि त्यांनी आयुष्यात मेंढी पाळलेली नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि काकूंची अर्धवट राहिलेली गोधडी पुरी करायला म्हणून या गृहस्थांनी जी सुई धरली ती सोडलीच नाही. आत कापूस किंवा जुनी लुगडी भरणं त्यांना नामंजूर. "कापूस दबतो हो, लोकर श्वास घेते," असं ते एखादं गुपित सांगावं तसं सांगायचे. सिन्नरकडच्या मेंढपाळांकडून पोतंभर लोकर घेऊन एसटीत चढले की कंडक्टर नाक दाबून म्हणायचा, "काका, आत जनावर असेल तर त्याचं तिकीट लागेल." मग लोकरीतली कुसळं वेचणं, रिठ्याच्या कोमट पाण्यात ती न चोळता नुसती बुडवणं, गच्चीवर सावलीत वाळवणं. त्या दिवसांत सबंध बिल्डिंगीला वाड्यात बांधलेल्या मेंढीचा वास यायचा आणि गल्लीतली कुत्री जिन्यात मुक्कामाला असायची. दिलेली गोधडी कशी धुता, हे तपासायला ते घरी यायचे. आमच्या हिने एकदा ती गरम पाण्यावर मशीनमध्ये फिरवली. पायपुसण्याएवढी होऊन निघाली. काका मयताला आल्यासारखे बसून राहिले, चहाला शिवले नाहीत.

काकांची मुलगी चांदवडला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा काकांनी कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर मिळवली. "जावळ आहे हे," म्हणत आम्हाला हात लावून बघायला लावलं. काकूंच्या पातळाची इवलीशी गोधडी झाली. आणि आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

मुलगी माहेरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बोलेना, धड जेवेना. ती गोधडी कुणालातरी देऊन टाका, असं शेजारपाजारचे सुचवायचे. काका नुसते ऐकून घ्यायचे. एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. "आमचा गीझर बिघडलाय. बादलीभर कोमट पाणी द्याल?" मी बादली वर नेली. गॅलरीत टब होता, शेजारी उसवलेलं पातळ. आतली लोकर काढून त्यांनी रिठ्याच्या पाण्यात सोडली होती.

मागून मुलगी आली. कितीतरी दिवसांनी खोलीबाहेर. तिने पातळ ओळखलं.

"बाबा, हे काय करताय?"

"तुला मोठी करतोय गोधडी. ही त्यातच घालणार, मधोमध." काकांनी मान वर केली नाही. "टाकवत नाही गं."

ती खाली बसली. टबात हात घातले आणि एकाएकी ती लोकर मुठीत धरून चोळायला लागली, पिळायला लागली, जोरजोरात, मोठ्याने रडत. लोकरीच्या गाठी होत चालल्या होत्या. आता काका ओरडणार, म्हणून मी काकांकडे पाहिलं. ते टब घट्ट धरून बसले होते, तिला जोर लावता यावा म्हणून.

त्या गाठी तशाच आत घालून त्यांनी मोठी गोधडी शिवली. दिवाळीनंतर मुलगी सासरी निघाली, तेव्हा एसटीत गोधडी वर टाकायला न देता मांडीवर घेऊन बसली. बस दिसेनाशी झाली तरी काका हलेनात.

"तिकडे थंडी जास्त असते," एवढंच म्हणाले.