गणराजने जपानहून आणलेली दोरी

गणराज ढोबळे जपानला निघाला तेव्हा चिखलीच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. डोळ्यांवर गॉगल, मागे विमान आणि खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा – समस्त मित्रपरिवार'. हा समस्त मित्रपरिवार म्हणजे त्याचा मेहुणा जयदीप, आणि फ्लेक्सचं बिल भरलं होतं खुद्द गणराजने. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण आधी आपल्या चौकात एक चक्कर मारून यावी. आपल्याकडे माणूस निम्मा परदेशात जातो आणि निम्मा गेल्याचं सांगण्यासाठी जातो.

उदगीरकडचा हा गडी. चाकणच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला, पर्मनंट झाला, लाइन लीडर झाला. आता त्याचा डोळा शिफ्ट इनचार्जच्या खुर्चीवर होता. ती मिळाली की निळा शर्ट जाऊन पांढरा येणार आणि ज्या सासऱ्याने लग्नात 'पोरगा कामगारच आहे' म्हणून नाक मुरडलं होतं, तोच आता 'जावई साहेब झाले' म्हणून गावभर सांगणार. कंपनीतर्फे त्याला जपानला शिकायला पाठवताना प्लांट मॅनेजर देवस्थळी साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "प्रवासाने लीडर घडतो. जो तिकडे शिकून इकडे करून दाखवेल, खुर्ची त्याची."

गणराज शिकला, हे मात्र खोटं नाही. तिथल्या कारखान्यात लाइनच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली त्याने पाहिली. काही चुकतंय असं वाटलं की कोणीही ती ओढायची आणि लाइन थांबवायची. त्याच्यासमोर एका कोवळ्या पोरीने ती ओढली. आता हिची खरडपट्टी निघणार म्हणून गणराज बघत राहिला, तर तिचा साहेब धावत आला, कमरेत वाकला आणि तिचे आभार मानून कामाला लागला. हेल्पर असताना 'हा पार्ट चुकीचा आहे' म्हटल्याबद्दल गणराजने सगळ्यांदेखत कानाखाली खाल्ली होती. ती आठवली, आणि हॉटेलच्या खोलीत तो चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन रडला. ते रडणं अगदी खरं होतं, म्हणूनच पुढचं जास्त किळसवाणं वाटतं.

परत आल्यावर त्याने लाइनवर तशीच दोरी लावून घेतली. पोरं गोळा केली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "जो दोरी ओढेल त्याला मी पहिला हात जोडीन. त्याच्या केसाला धक्का लागला तर बापाचं नाव लावणार नाही."

मारुतराव नावाचा राजगुरुनगरकडचा एक म्हातारा कंत्राटी कामगार मागे उभा होता. तो म्हणाला, "जपानचं वायलं, गणराजराव. आपल्यात लाइन थांबली की आधी मानूस हुडकत्यात."

"आता नाही हुडकणार," गणराज म्हणाला.

आणि काही दिवस खरंच कोणी शोधला नाही. दोरी ओढली की गणराज येऊन हात जोडायचा, पोरं हसायची, काम सुधारायचं. सगळ्यात जास्त विश्वास ठेवला तो अफताबने. हाही कंत्राटीच, येत्या यादीत पर्मनंट व्हायची आशा लावून बसलेला. गणराजभाऊंचा शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ.

मग एके दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं लाइन बघायला आली. देवस्थळी साहेब त्यांना सांगत होते, आमची लाइन कशी कधीच थांबत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती थांबली. अफताबला नवीन पेटीतले बोल्ट ढिले लागले होते. त्याने दोरी ओढली होती आणि आता गणराजभाऊ येऊन हात जोडणार म्हणून तो हसत त्याच्याकडे बघत होता.

"कोणी थांबवली?" देवस्थळींनी विचारलं.

'मीच सांगितलंय सर, चुकलं की थांबवायची.' एवढंच वाक्य म्हणायचं होतं. ते गणराजच्या जिभेवर आलंही होतं. पण पांढरा शर्ट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"अफताबने, सर," तो म्हणाला, आणि न विचारता पुढे जोडलं, "कंत्राटी आहे."

शिफ्ट सुटायच्या आत अफताबचा गेटपास काढून घेतला गेला. गेटवर त्याने गणराजला गाठलं. "भाऊ, तुम्हीच बोलला होता ना?" गणराज मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला. शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मारुतरावाला शिडीवर चढवलं आणि दोरी गुंडाळून वर तुळईला बांधायला लावली. पुन्हा कोणाचा हात पोहोचायला नको.

"नडंल कवातरी," मारुतराव वरून म्हणाला.

"बांधा म्हटलं ना!"

खुर्ची मिळाली. पांढरा शर्ट आला, सासऱ्याचा फोन आला, चौकात दुसरा फ्लेक्स लागला. नव्या भरतीच्या पोरांपुढे गणराज साहेब आता 'प्रवासाने मला काय दिलं' यावर भाषण करू लागले. त्या पोरीचा किस्सा सांगताना त्यांचे डोळे अजूनही भरून यायचे.

मग उन्हाळ्यात एकदा चेनमध्ये अडकलेला पार्ट चालत्या लाइनवर काढायला गणराजने हात घातला. लाइन थांबवली तर वर जाब द्यावा लागतो ना! चेनने बाही धरली, मग बोटं धरली.

"दोरी! दोरी ओढा!" तो किंचाळला.

पोरांनी उड्या मारल्या, पण दोरी वर होती. बंद करायचं बटण लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला. मारुतराव म्हातारा असून तिकडे पळाला आणि त्यानेच लाइन थांबवली. त्यानेच स्वतःचा गमछा त्या हातावर आवळला, आणि तोच रिक्षात गणराजचं डोकं मांडीवर घेऊन बसला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र चेनमध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी देवस्थळी साहेब फळांची टोपली घेऊन दवाखान्यात आले. मारुतराव तिथेच होता. गणराजसाठी त्याने टपरीवरून चहा आणला होता. त्याच्या सदऱ्यावरचे रक्ताचे डाग अजून कालचेच होते.

"दोरी वर कोणी बांधली होती?" साहेबांनी विचारलं. आवाज तोच, 'कोणी थांबवली?' विचारतानाचा.

गणराजने एकदा छताकडे पाहिलं, एकदा पट्ट्या बांधलेल्या हाताकडे.

"मारुतरावांनी, सर," तो म्हणाला.

देवस्थळींनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. कोणी सांगितलं म्हणून बांधली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, किंवा सुचूनही त्यांनी विचारलं नाही.

"व्हय," मारुतराव म्हणाला. "म्याच बांधली."

कोणी मागायच्या आधीच त्याने गळ्यातला गेटपास काढला आणि फळांच्या टोपलीवर ठेवला. चहाचा ग्लास गणराजच्या धड हाताजवळ सरकवला आणि तो निघून गेला.

साहेबही गेले. गणराजने डाव्या हाताने ग्लास उचलला आणि चहा गरम होता तोवर पिऊन टाकला.