आरतीत दिवे लुकलुकू नयेत म्हणून

येसाजीने पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलं. एवढ्या वर्षांत 'असं का करायचं नाही' हे त्याला कुणी विचारलं नाही. सगळे विचारत, लाईट कधी येणार. माणसं विजेला भीत नाहीत, अंधाराला भितात. काय बोलणार!

त्याची बहीण केसर आगरदांड्याच्या वर, डोंगरात राहते. खांबावरची वीज तिथवर पोचलेलीच नाही. छपरावर सोलर, जिन्याखाली इन्व्हर्टर, मागच्या पडवीत जनरेटर. येसाजीने मध्ये दांड्याचा स्विच बसवला होता. दांडा वर केला की इन्व्हर्टर, खाली केला की जनरेटर. दोन्ही एकदम कधीच नाही. दांडा फिरताना घर क्षणभर अंधारायचं, एवढंच.

गेल्या गणपतीत तो क्षण नेमका आरतीत आला, आणि दिवाळीआधी केसरचा नवरा गेला. तिने दोन्हींची गाठ मारली ती मारलीच.

यंदा येसाजी गणपतीच्या दर्शनाला संध्याकाळी पोचला, तर तिचा मुलगा दीपेश एक वायर घेऊन उभा. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरी, त्यामुळे सगळं कळतं. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना.

"मामा, तुमचा स्विच काढला. येक टोक जनरेटरात, दुसरं माजघरातल्या सॉकेटात. लाईट लुकलुकायची न्हाय."

"इन्व्हर्टर चालू असताना?"

"व्हय. म्हंजे खंड न्हाय."

"अरे, दोघांचा ताल येक नसतो. येकाची वीज वर जाते तवा दुसऱ्याची खाली. येकमेकांवर आदळली की इन्व्हर्टर फुटंल. त्याला टेकून गाद्या रचल्यात, त्या पेटतील. आनि सॉकेटात घालायच्या आधी या उघड्या पिनांत वीज असंल, पोरा. तुझ्या हातात!"

"यार्डात असले जुगाड रोज चालतात, मामा."

आतून केसर कडाडली, "दादा, सणाला अभद्र बोलू नको! मागल्या साली तुझ्याच स्विचनं घात केला."

आरती सुरू झाली. माजघरात चाळीस माणसं, पुढे पोरंटोरं. दिवसभर आभाळ होतं, बॅटऱ्या भरल्याच नव्हत्या. इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. मागे जनरेटर धडधडला, आणि दीपेश वायरीचं मोकळं टोक धरून पोरांच्या डोक्यांवरून पाय टाकत सॉकेटकडे निघाला.

येसाजीने वाद घातला नाही. तो पडवीत धावला, जनरेटर बंद केला, वायर उपसली आणि पकडीने तोडली. आतली टीं टीं थोडा वेळ चालली, मग तीही थांबली.

घर काळंठिक्कर. झांजा थांबल्या.

"दादा!" केसरची किंकाळी.

"समई जळतेय ना? तिला काय वायर लागते? म्हना पुढं!"

म्हटली लोकांनी, दबक्या आवाजात.

तासाभराने टॉर्चच्या उजेडात येसाजीने स्विच परत बसवला आणि दिवे लागले. लोक त्याला वळसा घालून घरी निघाले. दीपेश मात्र जवळ येऊन सावकाश म्हणाला, "गणपती पाच दिवस हाय, मामा. तुमी उद्या जाल. वायर काय, दुसरी करता येते."

येसाजीने घरी फोन लावला. त्याच्याही घरी गणपती होता. "पूजा तुमीच करा. मी विसर्जनापर्यंत येत न्हाय," म्हणाला, आणि जनरेटरपुढे गोणपाट टाकून बसला.

केसर प्रसाद वाटत पडवीच्या दारापर्यंत आली. त्याच्याकडे पाहिलं, आणि ताट घेऊन तशीच मागे वळली.